वडगावच्या भिशीची सामाईक खरेदी : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

१ जून २०२५, रविवार

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या भिशीत बावीस घरं. निम्म्याहून जास्त घरांत माग आहेत, बाकीच्यांत कुणी रिक्षा चालवतं, कुणी शिलाई करतं, दोघी अंगणवाडीत आहेत. आजच्या बैठकीत ठरलं की भिशीच्या पैशातला काही भाग बाजूला काढून किराणा एकत्र भरायचा. हिशेबाची वही माझ्याकडे आली आहे.

सुरुवातीलाच कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढं वाद झाला तर वही उघडून बघता येईल. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला. २०२४ मध्ये तूरडाळीनं घाम फोडला. त्याच सप्टेंबरपासून तेल चढलं. यंदा १ एप्रिलला नंदिनी दूध लिटरमागे ४ रुपयांनी वाढलं आणि आठवड्याभरात घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी. साडीमागची मजुरी त्या मानानं हललीच नाही.

पण नुसत्या भाववाढीसाठी एवढा खटाटोप केला नसता. मागावरचा पगार आठवड्याला होतो, म्हणून किराणाही आठवड्याचा, आणि हात आखडला की रोजचा. ज्यांच्याकडं महिन्याचे पैसे एकदम येतात ते किलोनं घेतात. आमच्याकडं शंभर ग्रॅम, पाव किलो असं चालतं आणि तीच डाळ, तोच चहा आम्हाला महाग पडतो. ज्यांची कमाई कमी त्यांनीच जास्त दर मोजायचा, हे मला अजिबात पटत नाही. आमचा सगळा प्रयत्न याच एका गोष्टीविरुद्ध आहे.

पहिलं काम : पंधरा दिवस प्रत्येक घरानं खाण्यापिण्यावरचा सगळा खर्च लिहायचा. गाड्यावर खाल्लेलंसुद्धा. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "जिला लिवायला येत न्हाई तिनं काय करायचं गं?" त्यांच्या घरी नातू लिहील असं ठरलं.

४ जून, बुधवार

आज फक्त तेलाचा अभ्यास. गल्लीतल्या दुकानात ठेवलेली सूर्यफूल आणि पामची सगळी पाकिटं हातात घेऊन वाचली. दुकानदार मामांनी स्टूल काढून दिलं.

एक लिटर तेल भरतं सुमारे ९१० ग्रॅम. आपण मात्र 'एक पाकीट' म्हणून घेतो आणि ते किलोच आहे असं धरून चालतो. आता तर लिटरचीही खात्री नाही : तशीच दिसणारी पाकिटं ८५० ग्रॅमची, ८०० ग्रॅमची, ७५० ग्रॅमचीही मिळाली. पूर्वी तेल, डाळ, बिस्किटं अशा बऱ्याच वस्तूंची पाकिटं किती वजनाची असावीत हे कायद्यानं ठरलेलं होतं. ती सक्ती आता निघाली आहे. तिच्या बदल्यात पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात ते छापावं लागतं. ती ओळ बारीक असते, पण असते. आमच्यातल्या प्रत्येकीनं तीच ओळ आधी वाचायची.

डब्याचंही तसंच. १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा. लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल बसतं. सव्वा किलोच्या वर फरक! दर विचारताना 'किलोचा का लिटरचा' हे आधी विचारायचं.

तेल का चढलं तेही नोंदवते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलाच्या आयातीवर २० टक्के मूळ शुल्क लावलं, सगळं धरून साडेसत्तावीस टक्के. आपल्याकडं खाल्लं जाणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळं ते थेट कढईपर्यंत पोचलं. आता ३० मेला मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणलं आहे. भाव उतरायला वेळ लागेल. म्हणून तेलाची मोठी खरेदी आत्ता नको, महिन्यापुरतीच.

८ जून, रविवार

खासबागचा बाजार. सकाळी आणि दिवे लागायच्या वेळी अशा दोन्ही वेळी जाऊन दर लिहिले. संध्याकाळी पालेभाजी निम्म्यात मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण भिजलेली मेथी निम्म्यात घेऊन तिसरा भाग टाकून द्यावा लागला तर फायदा कुठं राहिला? बटाटे, कांदे, गाजर, भोपळा संध्याकाळी घ्यावेत. पालेभाज्या सकाळीच. वाट्यानं मिळणारं आलं, लिंबू, मिरची तोलून बघितली तर बहुतेक वेळा किलोच्या दरापेक्षा महाग बसते. वाटा पाच-सहा जणींत वाटून घ्यायचा असेल तर किलोच घ्यावा.

१५ जून, रविवार

वह्या गोळा झाल्या. सगळ्या पूर्ण नाहीत, पण जेवढ्या आल्या त्या प्रामाणिक आहेत.

चहापूड सगळ्यात बोलकी निघाली. दहा रुपयांच्या पुडीत २२ ग्रॅम, म्हणजे किलोला साडेचारशेच्या वर. त्याच प्रतीची पूड किलोनं घेतली तर शंभरभर रुपये वाचतात. गरम मसाला, धणेपूड, हिंग यांचंही तेच. तिखटाची मात्र काळजी नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या आणून वर्षाची चटणी बहुतेकींनी मे महिन्यातच कुटून घेतली आहे. वर्षाचा साठा एकदम करायची ही सवय आमच्याकडं आधीपासून आहे, ती फक्त मिरचीपुरती राहिली होती.

दुसरी गोष्ट बघून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मुलं मोठी असलेल्या घरांत संध्याकाळच्या खाण्याचा, म्हणजे गोबी मंच्युरियन, वडापाव, एगराईस, पाणीपुरी यांचा महिन्याचा आकडा डाळीच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला. तीन घरांत तांदळापेक्षाही. एक वहिनी म्हणाल्या, "मी मागावरून उठते सात वाजता. पोरं पाचला शाळेतनं येतात. भुकेली पोरं काय करणार सांगा?" त्यांचं बरोबर आहे. पाच ते सात या दोन तासांवर उपाय सापडला नाही तर डाळ स्वस्त करून फारसं काही हाती लागणार नाही. हे काम वेगळं धरायचं.

२९ जून, रविवार

पहिली एकत्र खरेदी, रविवार पेठेत. जायला बस. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना तिकीट नाही, त्यामुळं दर विचारायला तिघी आधीच दोनदा जाऊन आल्या होत्या. माल आणायला टेम्पो.

तूरडाळ आणि साखर पन्नास किलोच्या कट्ट्यानं, शेंगदाणे, पातळ पोहे, हरभरा डाळ, चहापूड आणि तेलाचे १५ किलोचे डबे. व्यापारी कन्नड बोलणारे, पण मराठी चांगलं. आम्ही पाव किलोच्या गिऱ्हाइकासारख्या दबकत बोलत होतो. अंगणवाडीतल्या अक्कांनी कन्नडमध्ये सरळ विचारलं, रोख देतोय, दर महिन्याला येणार, शेवटचा दर सांगा. मग खरी बोलणी झाली.

कराचं एक गणित इथं पक्कं कळलं. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. म्हणूनच बाजारात २६ किलोची तांदळाची पोती दिसतात. मोठा कट्टा घेऊन घरी तोललं की हा कर लागतच नाही. किलोचं चकचकीत पाकीट घेणारी बाई तो भरते.

वाटप समाजमंदिरात. कट्टा फोडून किलो-किलोनं तोललं की शेवटी थोडी तूट येतेच, कारण प्रत्येक वेळी काटा किंचित घरवालीच्या बाजूनं झुकतो. ही तूट कुणा एकीच्या माथी नको म्हणून नियम केला : आधी सगळ्यांना पाव किलो कमी द्यायचं, आणि उरलेलं शेवटी सारखं वाटायचं. चांगलं चाललं.

हमाली, टेम्पो, पिशव्या सगळं धरूनही डाळीत किलोला पंधरा-सोळा रुपयांचा फरक पडला. साखरेत जेमतेम दोन-तीन. साखरेवर दुकानदाराला नफाच इतका कमी असतो की त्यातून फार काही निघणार नाही. पुढच्या वेळी साखर आणायची का, हा प्रश्न उरला.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. साबुदाणा, वरी तांदूळ, शेंगदाणे आधीच आणलेले असल्यानं आदल्या दिवशीची चढी किंमत कुणाला द्यावी लागली नाही. पाऊस थांबत नाही.

१३ जुलै, रविवार

गल्लीतले दुकानदार मामा बैठकीला स्वतःहून आले. त्यांनी जे मांडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायला हवं.

ते म्हणाले, "तुम्ही पेठेतनं आणता, आणा की. पण गेल्या पावसाळ्यात माग बंद होते तवा दोन-दोन महिने माल कुणी दिला?" खरं आहे. आमच्यातल्या निम्म्या घरांचं नाव त्यांच्या उधारीच्या वहीत आहे. आजारपणात, माग बंद पडल्यावर, शाळेच्या फीच्या महिन्यात तेच सांभाळतात. त्यांचा दर जास्त असतो, कारण त्यात दोन महिने अडकलेल्या पैशाची किंमत आहे. पेठेतला व्यापारी उधार देत नाही. रोखीचा सगळा माल आपण बाहेरून आणायचा आणि उधारीला फक्त मामा, असं केलं तर मामांचं दुकान वर्षभरात बसेल, आणि मग अडीनडीला जायचं कुठं?

बैठक लांबली. शेवटी असं ठरलं. डाळ, शेंगदाणे, चहा, पोहे, तेल पेठेतून. साखर, रवा, मैदा, मीठ, साबण मामांकडून, पण बावीस घरांची यादी एकत्र देऊन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोख. त्यांनी त्यावर किलोला दोन रुपये सोडले. उधारी आपापली, आणि ज्या घराची उधारी शंभर टक्के फिटली त्यांनीच भिशीच्या उचलीतून मोठी खरेदी करायची. हा शेवटचा नियम काहींना कडक वाटला. मला तो गरजेचा वाटतो.

२० जुलै, रविवार

दोन कामं.

पहिलं, साठवण. आमच्या भागात जुलै-ऑगस्टचा पाऊस म्हणजे भिंतीला ओल, डब्याला बुरशी. पन्नास किलो डाळ स्वस्तात आणून तिला भुंगे लागले तर सगळंच गेलं. पावसाळ्यात महिन्याच्या वर डाळ ठेवायची नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला डब्यात, तोंडाला घट्ट झाकण, आणि पोतं कधीही जमिनीला टेकवायचं नाही. वर्षाची साठवण करायची ती नव्या मालाची, फेब्रुवारीनंतर, ऊन दाखवून.

दुसरं, रेशनचा तांदूळ. फेब्रुवारीपासून अन्नभाग्य या राज्याच्या रेशन योजनेचे पैसे बंद होऊन माणशी जादाचा ५ किलो तांदूळच मिळतो आहे. काही घरांत तो खाल्ला जात नाही आणि कमी दरानं बाहेर जातो. रेशनचा माल विकणं गुन्हा आहे, ते मी बोललेच. पण नुसतं बजावून भागत नाही. तो तांदूळ जाड, भाताला चिकट होतो, मुलं नाक मुरडतात हेही खरं. म्हणून उपयोग ठरवले : आंबोळी, घावन, इडली, तांदळाची भाकरी, भडंगाबरोबरच्या चकल्या. तीन वाट्या रेशनचा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, रात्रभर आंबवून केलेली आंबोळी आज सगळ्यांनी खाल्ली. कुणी नाव ठेवलं नाही. रेशन दुकानातला फलक कन्नडमध्ये असतो. तो वाचून किती माल यायला हवा हे कॉलेजातली एक मुलगी सगळ्या घरांसाठी दर महिन्याला मराठीत लिहून देणार आहे.

१० ऑगस्ट, रविवार

संध्याकाळच्या खाण्याचं काम आज नीट सुरू झालं.

आधी गोबीच्या गाड्यावाल्या भावांशी बोलले. त्यांच्याबद्दल गल्लीत 'लुटतो' असं बोललं जातं, म्हणून त्यांची बाजू ऐकून घेणं मला महत्त्वाचं वाटत होतं. त्यांचा सिलिंडर १९ किलोचा व्यापारी, त्याचा दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो. घरगुती सिलिंडर गाड्यावर वापरता येत नाही. त्यात कॉर्नफ्लोअर, मैदा, सॉस, तेल. कोबीचा भाव पावसात दुप्पट होतो, पण प्लेटची किंमत दर आठवड्याला बदलता येत नाही, म्हणून ते वरच्या भावाला ठरवतात आणि खाली आणत नाहीत. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंगाला बंदी घातली, कारण तपासणीत रोडामाइन-बी सारखे खाण्यास मनाई असलेले रंग सापडले होते. तेव्हापासून भाऊ ब्याडगीची पूड वापरतात, तीही स्वस्त नाही. त्यांच्याकडं जो रंग फिका दिसतो तो चांगला, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं.

मग घरचा हिशेब. एक मध्यम कोबी, वाटीभर मैदा, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, आलं-लसूण, तेल. सहा मुलांना पुरेल एवढा गोबी गाड्यावरच्या दोन प्लेटच्या पैशात होतो. पण पाच वाजता तो करायला आई घरी नाही, हा प्रश्न तसाच. म्हणून रोजचा गोबी नको, मुलांना स्वतः घेता येईल असं काही हवं. यादी केली : भडंग, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेली रताळी, फोडणीची पोळी, सकाळीच करून ठेवलेले धपाटे दह्याबरोबर. चुरमुरे किलोनं आणून शनिवारी रात्री मोठं पातेलंभर भडंग करायचं, सात-आठ घरांनी मिळून. लसूण भरपूर, संकेश्वरीची चटणी बेताची, शेंगदाणे सढळ. भडंग आठवडा टिकतं आणि पहिलीतलं पोरही वाटीत घेऊन खाऊ शकतं.

शनिवारी एक दिवस मात्र गाडा ठेवला. मुलांचं खाणं पूर्ण तोडायचं असं मला कधीच वाटलं नाही. मित्रांबरोबर गाड्यावर उभं राहून खायची मजा हा लहानपणाचा भाग आहे आणि तो गरिबाच्या पोरालाही मिळायला हवा.

१७ ऑगस्ट, रविवार

मोठ्या मुलांचं वेगळं. मोबाइलवरून बर्गर, पिझ्झा, बिर्याणी मागवली जाते. एका घरातल्या मुलानं दोन बिलं दाखवली. एकाच हॉटेलचा तोच पदार्थ : काउंटरवर घेतला तर एक किंमत, मोबाइलवर मूळ किंमतच जास्त, त्यावर पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, पोचवण्याचे पैसे आणि ५ टक्के कर. सवलत मिळवण्यासाठी ठरावीक रकमेच्या वर जावं लागतं, म्हणून नको असलेलं पेय घेतलेलं. त्यानंच पाटीवर गणित मांडून इतरांना समजावलं. आमच्या शंभर बोलण्यांपेक्षा ते उपयोगी पडलं. पोरांनी आपणच ठरवलं की मागवायचं असेल तर सायकलवरून जाऊन आणायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती बुधवारी. नारळ यंदा फारच महाग. खोबरेल तेल वर्षभर चढत राहिलं, त्याचा ताण नारळावर आला. मोदकाचं सारण नारळाचं, पण रोजच्या वाटणात नारळाऐवजी भाजलेले तीळ आणि शेंगदाणे घालायचं बऱ्याचजणींनी सुरू केलं आहे. गूळ महालिंगपूरचा, ढेपेनं आणून फोडून वाटला. गुळाची ढेप फोडायला दोन पुरुष मंडळी स्वतःहून आली, याची नोंद घेते.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आणि आजपासूनच जीएसटीचे नवे दर. सकाळीच मामांच्या दुकानात वही घेऊन बसले, कारण गल्लीत 'सगळं स्वस्त झालं' अशी हवा होती.

काय उतरलं : बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर, लोणी, तूप, चीज, फरसाण, नूडल्स १२ वरून ५ वर. पाकिटातलं पनीर शून्यावर. तेल, साखर, चहा आधीही ५ वर होते, तसेच आहेत. सुट्या डाळ-तांदळाला कर नव्हता, आताही नाही. हॉटेलचं जेवण ५ वरच. घरपोच आणण्याच्या पैशावर मात्र आजपासून १८ टक्के.

म्हणजे आमच्या एकत्र खरेदीच्या यादीवर जवळजवळ काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो पाकिटांच्या रांगेवर. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत बहुधा तीच राहील आणि वजन वाढेल, असं कंपन्या सांगत आहेत. पाकिटावरची ग्रॅममागची ओळ आता पुन्हा महत्त्वाची. मामांकडं जुना माल आहे. तो खपेपर्यंत त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही असं सगळ्यांना सांगितलं.

नवरात्राच्या उपासासाठी रताळी भरपूर आली आहेत. बेळगाव, खानापूर आणि पलीकडं चंदगड या पट्ट्यात रताळ्याचं पीक चांगलं येतं, त्यामुळं आपल्याला ती मोठ्या शहरांतल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. मुलांच्या पाच वाजताच्या खाण्यात आता रताळं पक्कं झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा फराळ एकत्र. तीन घरांची अंगणं, चार मोठ्या कढया, एक भाड्याची शेगडी.

चकलीची भाजणी : तांदूळ चार वाटे, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूठ-मूठ पोहे, धणे, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, एकत्र नाही, नाहीतर उडीद करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो. तांदूळ रेशनचाच घेतला. जाड तांदळाची चकली उलट जास्त खुसखुशीत होते, हे सासूबाईंचं म्हणणं आज खरं ठरलं. मोहन कडकडीत तापवून. पीठ मळताना गरम पाणी. शंकरपाळीला मैदा मामांकडून, तूप थोडं आणि उरलेलं तेल. चिवडा पातळ पोह्यांचा, पोहे आदल्या दिवशी उन्हात घातले होते म्हणून तेल फार प्याले नाहीत.

तळणीचं तेल एकाच दिवसात, एकामागून एक कढईत वापरून संपवलं. बावीस घरांत बावीस कढयांमध्ये उरलेलं तेल पुन्हा-पुन्हा तापवलं जातं, ते तब्येतीलाही वाईट आणि पैशालाही. आधी शंकरपाळी, मग चकली, शेवटी तिखट शेव, असा क्रम ठेवला की तेल काळं होत नाही.

बाहेर चकली किलोला साडेतीनशे-चारशे आहे. आमची दीडशेच्या आत बसली. पण इथं मी एक रकाना जास्त आखला : मजुरी. शिलाई करणाऱ्या वहिनींची दोन ब्लाउजं आज शिवायची राहिली. मागावरच्या दोघींनी अर्धा दिवस पाडला. ते पैसे धरले तर आकडा दोनशेच्या वर जातो. 'घरी केलं की स्वस्त' असं म्हणताना बायकांचे हात फुकट धरले जातात, आणि मला ते या वहीत होऊ द्यायचं नाही. तरीही फराळ घरचाच बरा पडला, हे सगळा हिशेब करून लिहिते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर सगळीकडं उसाचीच चर्चा. मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० रुपये मागत बसले होते. शुक्रवारी ३,३०० वर मिटलं. यंदाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये आहे, पण ती सव्वादहा टक्के उताऱ्याची (उसातून तेवढी साखर निघाली तर), आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच आहे.

आमच्या एका सुनेचं माहेर अथणीकडं, घरात ऊस. ती बैठकीत म्हणाली, "तुमची साखर दोन रुपयांनी उतरली की माझ्या भावाच्या पोटात गोळा येतो." कांद्याचंही तसंच. यंदा कांदा आम्हाला स्वस्त मिळतोय. १ एप्रिलला निर्यात शुल्क उठलं तरी शेतकऱ्याच्या हाती काही पडलं नाही. मग आम्ही कुणाकडून घेतो, हेही बघायला नको का? ठरलं की हिवाळी कांदा आणि नवा तांदूळ शक्य तेवढा थेट शेतकऱ्याकडून, घासाघीस न करता. मधला खर्च वाचेल तो दोघांत अर्धा-अर्धा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल महागाईचे आकडे आले. ऑक्टोबरचा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के, खाद्यपदार्थांचा तर उणे ५.०२. पेपर वाचून घरातले विचारतात, महागाई संपली म्हणे, मग तुमची भिशी कशाला?

वहीत बघून उत्तर दिलं. हा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो. मागच्या ऑक्टोबरात खाद्यमहागाई १०.८७ टक्के होती. त्या उंचीवरून भाज्या आणि डाळी उतरल्या, म्हणून आकडा उणे दिसतो. डाळ खरंच उतरली, ते आम्ही वाटपात बघितलं. तेल मात्र त्याच आकडेवारीत दोन अंकी चढलेलंच आहे. आणि पाव किलोचा दर किलोच्या दरापेक्षा जास्त असतो, हे तर कुठल्याच निर्देशांकात येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सहा महिन्यांचा ताळा. ज्या घरांनी यादी नियमित दिली, त्यांचे महिन्याला साधारण तीनशे ते पाचशे रुपये किराण्यात वाचले. संध्याकाळच्या खाण्यातली बचत मुलं असलेल्या घरांत त्याहून जास्त. चार घरं अजून उधारीतच आहेत आणि त्यांना या खरेदीचा काही फायदा झालेला नाही. खरी गरज त्यांनाच होती. नियम कडक ठेवायचा हे माझंच मत होतं, पण या चार घरांसाठी तो बदलायला हवा असं आज मीच मांडलं. भिशीतून त्यांची मामांकडची उधारी एकदम फेडायची आणि ते पैसे त्यांनी दहा महिन्यांत, बिनव्याजी परत करायचे. तीन जणी विरोधात होत्या. ठराव झाला.

डिसेंबरची कामं : येळ्ळूरला भात मळून झालं आहे. दोन शेतकऱ्यांशी बोलणं चालू आहे. बासमती सणापुरताच, रोजच्यासाठी इंद्रायणी. गिरणीत कांडायचा दर विचारून घ्यायचा, कोंडा आणि कणी आपणच परत आणायची. कलबुर्गीची नवी तूर जानेवारीत बाजारात येते, त्यामुळं डिसेंबरात डाळ फक्त गरजेपुरती. वजनकाट्याचा तपासणी शिक्का संपत आला आहे, तो मारून आणायला अंगणवाडीतल्या अक्का जातील. टेम्पोवाल्याचे मागचे दोनशे रुपये द्यायचे आहेत.